डॉक्टर घरच्यासारखे, पण ऑपरेशन बिघडलं. भरपाई मागायची की गप्प बसायचं?

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून ४१ वर्षांच्या ताईंनी लिहिलंय. घरी शिवणकाम करतात, ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म. सोळा महिन्यांपूर्वी गावातल्याच हॉस्पिटलात त्यांचं पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, बिल ७० हजार. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं तेव्हाही पोटात दुखत होतं. फोन केला तर "गॅस आहे, जरा फिरा" सांगितलं. पाचव्या दिवशी परत गेल्या तर एक इंजेक्शन देऊन परत पाठवलं. नवव्या दिवशी डोळे पिवळे, पोट फुगलेलं, ताप. मग पुण्याला नेलं, तिथे कळलं की पित्तनलिका कापली गेलीय आणि पित्त पोटात साचलंय. आयसीयू, नळ्या, आणि तीन महिन्यांनी आतडं पित्तनलिकेला जोडायचं मोठं ऑपरेशन. मेडिक्लेम नव्हता. सगळे मिळून साडेसात लाख गेले, दागिने मोडले, पतसंस्थेचं कर्ज झालं, आठ महिने मशीन बंद. आता पहिले डॉक्टर दीड लाख द्यायला तयार आहेत पण स्टॅम्प पेपरवर "आमची काही तक्रार नाही" असं लिहून हवंय. मिस्टर म्हणतात घे आणि विषय संपव, सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशनही त्यांनीच केलंय, उद्या रात्री-अपरात्री त्यांचंच दार वाजवायचंय. भाऊ म्हणतो पोलिसात जाऊ, कोलकात्याच्या केसमध्ये सहा कोटी मिळाले होते. ताई विचारतात, "ऑपरेशनच्या आधी फॉर्मवर सही मीच केली होती, मग मला बोलायचा हक्क आहे का? आणि पैसे मागितले तर मी लोभी ठरेन का?"

ताई,

सगळ्यात आधी तारखेचं बोलते. बाकी सगळ्यावर घरात बसून शांतपणे विचार करता येईल, तारखेवर नाही. ग्राहक आयोगात, ज्याला आपण अजूनही ग्राहक मंच म्हणतो, तिथे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, ती नुकसानाचं कारण घडल्यापासून मोजतात आणि त्यातले सोळा महिने तुमचे गेलेत. डॉक्टरांशी बोलणी चालू आहेत, ते "बघू, करू काहीतरी" म्हणालेत, वकिलाची नोटीस गेलीय, यातल्या कशानेही ती मुदत थांबत नाही. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते पण ती द्यायची की नाही ते आयोग ठरवणार, त्या भरवशावर राहू नका.

हे एवढं ठासून का सांगते तर एक केस डोक्यातून जात नाही म्हणून. गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स असलेल्या एका बाईंचं १९९३ मध्ये पित्ताशयाचंच ऑपरेशन झालं होतं. पुढे वर्षानुवर्षं पोट दुखत राहिलं, गोळ्या घेत राहिल्या, आणि २००२ मध्ये कळलं की आत गॉज, म्हणजे रक्त टिपायचं जाळीचं कापड, राहिलंय. तक्रार केली २००४ मध्ये. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की मुदत संपली, तुम्ही स्वतः नर्स, एवढी वर्षं दुखत होतं तर तेव्हाच त्या डॉक्टरांकडे जाऊन विचारलं का नाही. नुकसान उशिरा लक्षात आलं तर मुदत लक्षात आल्यापासून धरता येते हे कोर्टाला मान्य आहे, पण दुखत असूनही माणूस शोध घेत नाही तेव्हा ते मान्य होत नाही. मला तो निकाल कडक वाटतो, आजही वाटतो. पण तुमच्या बाबतीत तर पुण्याच्या डॉक्टरांनी नवव्या-दहाव्या दिवशीच कारण सांगितलं होतं, म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायला जागा नाही. मी तुमच्या जागी असते तर आजपासून चार महिन्यांच्या आत तक्रार दाखल झालेली असेल असा हिशोब धरला असता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात ऑपरेशनच्या दिवसावर दीड पान आहे. किती वेळ लागला, बाहेर कोण बसलं होतं, डॉक्टर बाहेर येऊन काय बोलले. आणि पाचव्या दिवशी परत गेलात ते दोन ओळींत आटोपलंय. "पोटाला हात न लावता इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी नाही, रक्त नाही." ताई, मला वाटतं तुमची केस असलीच तर ती या दोन ओळींत आहे.

कारण तुम्ही, तुमचा भाऊ, सगळेच एक गोष्ट धरून चालला आहात की नळी कापली म्हणजे निष्काळजीपणा झालाच. तसं नाहीये. पित्ताशयातून एक बारीक नळी निघते आणि मुख्य पित्तनलिकेला मिळते, सर्जनला ती बारीक नळी आणि शेजारची रक्तवाहिनी क्लिप लावून कापायची असते. जुनी सूज असेल, सगळं एकमेकांना चिकटलेलं असेल, तर मुख्य नळीच बारीक नळीसारखी दिसते आणि घात होतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हजारात साधारण तीन ते पाच जणांना ही इजा होते आणि ती चांगल्या, अनुभवी सर्जनच्या हातूनही होते. निकाल वाईट लागला एवढ्यावर कोर्ट डॉक्टरला दोषी धरत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून कसोटी पक्की आहे, की त्याच शाखेतला साधारण कौशल्याचा दुसरा डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल ते या डॉक्टरने केलं का. सर्वोत्तम डॉक्टरशी तुलना नाही, सर्वसाधारण, जबाबदार डॉक्टरशी.

म्हणजे ऑपरेशन टेबलावरच्या प्रश्नाचं उत्तर असं असू शकतं की त्या दिवशी काहीही चुकलं नाही. किंवा चुकलं असेल, नीट दिसत नसताना पोट उघडून करायला हवं होतं ते केलं नसेल, ते ओटी नोट्स, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय केलं त्याची सर्जनने लिहिलेली नोंद, बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. पण त्यानंतरच्या नऊ दिवसांचं काय? पित्ताशयाचं ऑपरेशन झालेला पेशंट तिसऱ्या दिवशीही दुखतंय म्हणतो, पाचव्या दिवशी स्वतः चालत परत येतो, तेव्हा साधारण सर्जन काय करेल? पोट तपासेल, सोनोग्राफी सांगेल, काविळीची रक्ततपासणी करेल, आणि शंका आली तर मोठ्या ठिकाणी पाठवेल. कॉम्प्लिकेशन होणं हा दोष नाही, पण ते होऊ शकतं हे माहीत असूनही शोधायला न जाणं, हा दोष ठरू शकतो. डॉक्टर आज जे म्हणतायत ना की "हे नोन कॉम्प्लिकेशन आहे", म्हणजे असं होऊ शकतं हे माहीतच असतं, ते वाक्य त्यांच्या ऑपरेशनचा बचाव करतं पण पाचव्या दिवसाचा करत नाही, उलट अडचणीत आणतं. माहीत होतं तर बघितलं का नाही?

याची दुसरी बाजूही ऐकून घ्या, नंतर दुखायला नको. समजा पाचव्या दिवशीच सगळं लक्षात आलं असतं, तरी कापलेली नळी जोडायला ते मोठं ऑपरेशन बहुतेक लागलंच असतं. मग भरपाई कशाची? पित्त चार दिवस जास्त साचलं, इन्फेक्शन पसरलं, आयसीयू लागलं, तीन महिने नळ्या घेऊन फिरलात, त्या वाढीव हालांची आणि वाढीव खर्चाची. साडेसात लाखांतला कोणता भाग उशिरामुळे आणि कोणता मूळ इजेमुळे, यावरच समोरचा वकील सगळ्यात जास्त भांडेल. तुम्ही ते आत्ताच वेगळं करायला घ्या, बिलं तारखेप्रमाणे लावून.

तर आता कागद. पहिल्या हॉस्पिटलला एक साधा अर्ज करा, मराठीत, की माझ्या पूर्ण केस पेपरच्या प्रती द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, आणि आपल्या मुंबई हायकोर्टानेही १९९६ सालीच सांगितलंय की पेशंटला केस पेपर नाकारता येत नाहीत. त्याच नियमांत रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं बंधन आहे, म्हणजे कायमचं नाही, हे वाट बघत बसलेल्या इतरांनीही लक्षात ठेवा. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परत येऊ नका. ओटी नोट्स, भूल दिल्याची नोंद, सह्यांचे फॉर्म, नर्सिंग चार्ट, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांची नोंद), पाचव्या दिवसाचा ओपीडीचा कागद, दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असेल तर ते, आणि सगळ्या पावत्या. तुम्ही फोन केलेत ते कॉल लॉग, व्हॉट्सॲपचे मेसेज जपा, स्क्रीनशॉटवर भागवू नका, तो फोनच बदलू नका सध्या.

फाइल हातात आली की काय बघायचं ते सांगते. डॉक्टरांची राउंडची नोंद आणि नर्सचा चार्ट शेजारी शेजारी ठेवून वाचा, एकाच तारखेचे. अशा फाइलींमध्ये मी कितीदा बघितलंय, नर्सने रात्री अकराला लिहिलेलं असतं ताप १०१, नाडी ११२, पोट दुखतंय, डॉक्टरांना फोनवर कळवलं, आणि सकाळी राउंडच्या नोटमध्ये एकच ओळ, पेशंट स्टेबल, सीएसटी. म्हणजे चालू आहे तीच ट्रीटमेंट चालू ठेवा. कुठलाही मोठा तज्ज्ञ न आणता ती दोन पानं शेजारी ठेवली की आयोगालाही कळतं. नर्सच्या घाईघाईच्या अक्षराने कितीतरी पेशंटना न्याय मिळालाय. उलटही होतं हं, कधी चार्ट नॉर्मल निघतो, नाडी ८०, ताप नाही, आणि मग आपल्याला मान्य करावं लागतं की तिसऱ्या दिवशी सोडलं ते ठीकच होतं. जे निघेल ते निघेल.

त्यानंतर दुसऱ्या गावातल्या, त्या डॉक्टरांशी काही संबंध नसलेल्या सर्जनला ती फाइल दाखवा. लेखी मत मागा. बरेच जण नाही म्हणतील, एका व्यवसायातली माणसं एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात, त्यात आश्चर्य नाही, तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. पण त्यांच्या डिस्चार्ज समरीत तुम्ही आलात तेव्हाची अवस्था लिहिलेली असणारच, पोटातून किती पित्त काढलं, बिलिरुबिन, म्हणजे रक्तातली कावीळ, किती होतं, आणि तो मोठा पुरावा आहे. लेखी मत नाहीच मिळालं तर तक्रार बाद होते का? नाही. २००९ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने आधी तज्ज्ञाचं मत घ्या असं सांगितलं होतं, पण लगेच २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या केसमध्ये स्पष्ट केलं की प्रत्येक केसला ते लागत नाही, गुंतागुंतीची असेल तर आयोग स्वतः सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे पाठवू शकतो. तुमची केस मधली आहे असं मला वाटतं. नळी कशी कापली गेली याला तज्ज्ञ लागेल. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी परत आलेल्या पेशंटचं पोट तपासलं नाही याला तितका लागू नये.

सहीचं विचारलंत. ताई, तो फॉर्म म्हणजे ऑपरेशनला तुमची परवानगी, त्यातले नेहमीचे धोके सांगितले होते याची नोंद. निष्काळजीपणाला परवानगी कोणी देत नाही आणि कायदा तसं मानतही नाही. २००८ मध्ये समीरा कोहलींच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संमती ज्या गोष्टीसाठी दिली त्यापुरतीच, आणि ती खरी संमती व्हायची तर उपचार, धोके, दुसरे पर्याय पेशंटला समजेल असं सांगायला हवं. तेव्हा उलट तुम्हीच आठवा, पित्तनलिकेला इजा होऊ शकते हे कोणी तोंडाने सांगितलं होतं का, की फक्त खाली बोट ठेवून "इथे सही" म्हणाले.

आता ते दीड लाख. मी ते सरळ धुडकावून लावा म्हणणार नाही. तडजोड वाईट नसते, तुमच्यासारख्या कर्ज अंगावर असलेल्या घराला आज हातात येणारे पैसे आणि चार वर्षांनी कदाचित येणारे पैसे यात फरक आहे, तो मला कळतो. पण फाइल न बघता आकडा कबूल करू नका. तुम्हाला काय मिळायला हवं हे माहीत नसताना काय सोडताय हे कसं कळणार? "फुल अँड फायनल, आमची काही तक्रार नाही" असं लिहून दिलंत की दार जवळजवळ बंद होतं, पुढे नळी पुन्हा आकसली, ती उघडी ठेवायला पुन्हा स्टेंट, म्हणजे आत बसवायची बारीक नळी, लागला तरी. जोडलेल्या ठिकाणी असं आकसणं काही वर्षांनीही होऊ शकतं, म्हणून तर तुम्हाला दर काही महिन्यांनी तपासणीला बोलवतात. तडजोड करायचीच तर त्या पुढच्या खर्चाचा त्यात विचार हवा, रक्कम चेकने किंवा खात्यात, आणि कागद आधी तुमच्या वकिलाने वाचलेला. आणि ही बोलणी तुम्हालाच, बाहेर, करावी लागतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाने मध्यस्थीकडे पाठवायची सोय आहे पण मृत्यू किंवा गंभीर इजा झालेल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारी नियमांनीच त्यातून वगळल्यात.

मिस्टरांचं म्हणणं मी हलकं धरत नाहीये. तालुक्याच्या गावात रात्री दोनला दार उघडणारा डॉक्टर असणं म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. पण त्यांच्या मनात एक गाठ आहे, की भरपाई मागणं म्हणजे डॉक्टरांना वाईट ठरवणं. वीस वर्षं एकही अपघात न केलेल्या एसटी ड्रायव्हरकडून एखाद्या वळणावर चूक होते, तेव्हा जखमी प्रवाशाला भरपाई मिळते ती ड्रायव्हर वाईट माणूस आहे म्हणून नाही, प्रवाशाचा पाय मोडला म्हणून. तुमचे डॉक्टर चांगले असतील, सासऱ्यांचं ऑपरेशन उत्तम केलं असेल, आणि तरीही पाचव्या दिवशी कमी पडले असतील. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. शिवाय बरेच डॉक्टर याच कारणासाठी इन्डेम्निटी विमा काढतात, भरपाईचे पैसे तिथून जातात. असा विमा असला की कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही अशी अट सहसा असते, तेव्हा "डॉक्टर आता नीट बोलतच नाहीत, नजर चुकवतात" असं जे तुम्ही लिहिलंय त्याचा अर्थ मनात अपराधीपणा आहे असाच घेऊ नका, कोणीतरी त्यांना गप्प राहायला सांगितलेलं असू शकतं. त्यांना सरळ विचारा, विमा आहे का. मिस्टरांनी विचारलं तर आणखी बरं. विमा असेल तर बोलण्याचा सूरच बदलतो, खिशातून जाणार नाहीत म्हटल्यावर.

भावाला मात्र आवरा. त्याची तळमळ खरी आहे, बहिणीचे हाल त्याने बघितलेत. पण पोलिस केस म्हणजे गुन्हा, आणि गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, अतिशय ढोबळ, अक्षम्य असा लागतो, आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, हेही त्याच २००५ च्या निकालातलं. तुमच्या प्रकरणात ते टिकेल असं मला वाटत नाही, आणि टिकलं तरी शिक्षा होईल, तुमचं पतसंस्थेचं कर्ज फिटणार नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, ती करावी असं वाटलं तर जरूर करा, ते डॉक्टरला ताकीद देऊ शकतात, काही काळ रजिस्ट्रेशन थांबवू शकतात, पण एक रुपयाही देऊ शकत नाहीत. आणि हॉस्पिटलात जाऊन "बघून घेतो" हे अजिबात नको. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यात तोडफोड-मारहाणीला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मोडलेल्या सामानाच्या दुप्पट भरपाई आहे. तुमची तक्रार बाजूला राहील आणि तारखा भावाच्या सुरू होतील.

आणि ते सहा कोटी. कोलकात्याच्या त्या केसमध्ये, म्हणजे डॉ. कुणाल साहांच्या, २०१३ साली साधारण तेवढी रक्कम आणि वर व्याज मिळालं हे खरं. पण त्यांच्या पत्नी गेल्या १९९८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षं लढले, ते स्वतः डॉक्टर, अमेरिकेत राहणारे, पत्नीही तिथे शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ, हिशोब तिथल्या कमाईवर झाला. आपल्याकडे भरपाई शिक्षा म्हणून ठरत नाही, जे गेलं ते पैशात शक्य तितकं भरून काढायचं म्हणून ठरते, आणि म्हणून त्याच चुकीला दोन घरांत दोन आकडे येतात. हे मला नेहमी खटकतं. जुन्या निकालांत तर आकडे वाचवत नाहीत. १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर पाय मोडलेला वीस वर्षांचा मुलगा पुण्यात उपचारात गेला, पुरेशी भूल न देता हाड जोरात ओढून बसवलं म्हणून, वडील सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, १९६८ मध्ये जिंकले, भरपाई ३ हजार. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली, शेवटचा निकाल १९९६ चा, ३६ हजार. पण त्या दोन घरांनी दाद मागितली म्हणून आज डॉक्टरच्या कर्तव्याची व्याख्या आपल्याकडे आहे, आणि नक्की कोणाच्या हातून टॉवेल राहिला हे सिद्ध करता आलं नाही तरी हॉस्पिटल चालवणारा जबाबदार, हेही.

तुमचा आकडा कसा बसेल? उपचाराचा खर्च, बिलं असतील तेवढा. पुण्याच्या फेऱ्या, सोबतच्या माणसाचा खर्च. पुढच्या तपासण्या. कर्जाचं व्याज जोडून दाखवा, मिळेलच असं नाही. वेदना आणि त्रास याची वेगळी रक्कम मागता येते. आणि आठ महिन्यांची कमाई, इथे तुम्ही लिहिलंय "माझं काय, घरचंच काम, पावती नसते". ताई, असं अजिबात म्हणू नका. युनिफॉर्मची ऑर्डर ज्या दुकानाची होती त्यांच्याकडून लिहून घ्या, वही असेलच तुमची, मापं आणि ॲडव्हान्स लिहायची, ती जपा, फोनवर आलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात. आणि शिवणकाम सोडून जे घरकाम करता त्यालाही मोल आहे, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या अपघाताच्या केसमध्ये गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरायलाच हवं असं बजावलंय, तो आधार इथेही घेता येतो. हे सगळं मागणं लोभ नाही. मोडलेले दागिने तुमचे होते.

तक्रार कुठे करायची तर तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, तुम्ही राहता तिथे. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, त्या सेवेसाठी तुम्ही किती मोजले यावर ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. तुम्ही पहिल्या हॉस्पिटलला दिलेले ७० हजार, म्हणजे जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. ऑनलाइनही दाखल होते, ई-जागृती पोर्टलवर. वकील सक्तीचा नाही पण वैद्यकीय केसमध्ये घ्याच, आणि परवडत नसेल तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे फार कमी बायकांना माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहिते. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर वर १५. कायद्यात निकाल तीन-पाच महिन्यांत लावावा असं लिहिलंय, तुम्ही मात्र काही वर्षं धरून चाला. निकाल तुमच्या बाजूने लागून ते अपिलात गेले तर अर्धी रक्कम आधी भरावी लागते, ही एक जमेची बाजू.

असेच प्रश्न इतरांचेही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. सगळ्यांनाच पूर्ण मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यातली तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ती रेष आखलीय, तिथे दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्टाचा रस्ता. पण जिथे काही पेशंटकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत करतात, तिथे मोफतवालाही ग्राहक, आणि बिल विमा कंपनीने भरलं म्हणूनही तुमचा हक्क जात नाही. इजा लहान मुलाला झाली तर आईवडीलही स्वतःच्या वेगळ्या त्रासाची भरपाई मागू शकतात, १९९८ च्या एका निकालात मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख असे वेगवेगळे मिळाले होते.

ताई, रेकॉर्डचा अर्ज याच आठवड्यात द्या, दोन प्रती करून, एकीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने. न्यायला मिस्टरांना सांगा, भावाला नको. डॉक्टर समोर आलेच तर त्यांनी एवढंच म्हणावं की आम्हाला पुढच्या उपचारांसाठी आणि आमच्या समजुतीसाठी कागद हवेत, त्यात खोटं काहीच नाही. केस करायची की तडजोड हे फाइल वाचून झाल्यावर ठरवा, फक्त स्टॅम्प पेपरवर तोपर्यंत सही करू नका. फाइल आली की पाचव्या दिवसाच्या कागदावर काय लिहिलंय ते मला कळवा, कोरा असेल तर तेही कळवा.